अंगण वाकडंच होतं

बरेच दिवस काही लिहिलं नाही. ऑस्टिनला मुलाकडे येऊन दोन महिने झाले. सांगलीहून वहिनी आणि पुण्याहून धाकटी बहीण फोनवर विचारतात, "काय गं, लिहिणं बंद केलंस की काय?" बंद नाही केलं. पण एक गोष्ट मनात अडकून बसली होती आणि ती लिहिल्याशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं. गोष्ट आहे एका वल्ह्याची. हसू नका! चौऱ्याहत्तराव्या वर्षी वल्ह्यावर लिहायची वेळ येईल असं मलाही वाटलं नव्हतं.

तर इथे शहराच्या मधोमध एक तळं आहे, लेडी बर्ड लेक. तळं म्हणायचं, पण खरी ती नदीच. टेक्ससमधली कोलोरॅडो नदी १९६० साली धरण बांधून अडवली आणि हे लांबुडकं तळं तयार झालं. (ग्रँड कॅनियनची कोलोरॅडो ती वेगळी, हे मला मुलाने दोनदा सांगितलं.) आधी नाव होतं टाउन लेक. २००७ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या पत्नी लेडी बर्ड वारल्या, तेव्हा त्यांचं नाव दिलं. काठाने झाडं लावायला आणि पायवाटा करायला त्यांनीच पुढाकार घेतला होता. पेट्रोलवर चालणाऱ्या बोटींना इथे बंदी आहे, त्यामुळे पाणी शांत. पोहायलाही बंदी! मग पाण्यात जायचं ते होडीने, नाहीतर त्या फळीवर उभं राहून.

या फळीला हे लोक पॅडलबोर्ड म्हणतात. दहा-अकरा फूट लांब फळी, बहुतेक हवा भरून फुगवायची. तिच्यावर उभं राहायचं आणि लांब दांड्याच्या एकाच वल्ह्याने दोन्ही बाजूंना आळीपाळीने वल्हवायचं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हरिपूरचा नावाडी आठवला. कृष्णा-वारणेच्या संगमावर तो असाच नावेच्या टोकावर उभा राहून बांबू रेटायचा आणि पाणी खोल आलं की वल्हं घ्यायचा. "यात नवीन काय आहे?" असं मी म्हटलंसुद्धा. मुलगा म्हणाला, "आई, नावाडी नावेवर असतो. फळीवर उभी राहून दाखव." आमचे हे खुर्चीतून म्हणाले, "ती दाखवेल हं, तू तिला आव्हान देऊ नकोस."

या खेळाचा इतिहासही मुलाने सांगितला. हवाईमध्ये वायकिकीच्या किनाऱ्यावर विसाव्या शतकाच्या मध्याला लाटांवर स्वार व्हायला शिकवणारे तरुण मोठ्या फळीवर उभे राहून होडीचं वल्हं वापरत. उभं राहिलं की येणारी लाट लांबून दिसते आणि शिकाऊ मंडळींवर नजरही राहते. आह चॉय नावाचं एक कुटुंब होतं. त्यातला बॉबी मोटारीच्या अपघातात जखमी झाला होता. त्याला गुडघ्यावर बसता येईना, पोहता येईना, म्हणून तो फळीवर उभा राहून वल्हवायचा असं सांगतात. पुढे २००० सालाच्या आसपास लेअर्ड हॅमिल्टन आणि डेव्ह कलामा या दोघांनी हा प्रकार पुन्हा पुढे आणला आणि तो जगभर गेला. बॉबीची ती हकिगत मला आवडली. शरीर जसं आहे तसं धरून माणसाने वाट काढली. तेव्हा नुसतं "वा!" म्हणून मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. सोडायला नको होतं.

आमची नात, जिला इथे आपण चिमणी म्हणतो, ती आता अकरा वर्षांची आहे. उंची चार फूट आठ इंच. दर शनिवारी सकाळी आठला, ऊन चढायच्या आत, मुलगा आणि ती फळ्या घेऊन तळ्यावर. आम्ही दोघं काठावर झाडाखाली घडीच्या खुर्च्या टाकून. चिमणीच्या अंगात लाइफ जॅकेट. टेक्ससच्या कायद्याप्रमाणे तेरा वर्षांखालच्या मुलांनी छोट्या होडीत ते घातलंच पाहिजे आणि अमेरिकेच्या तटरक्षक दलाने २००८ पासून या फळीला होडीतच धरलं आहे.

पहिल्या शनिवारी चिमणी पन्नास-साठ फूट गेली आणि खाली बसली. दुसऱ्या शनिवारी वल्हं दोनदा पाण्यात पडलं. वल्हवताना तिचा वरचा हात डोक्याच्याही वर जायचा, फळी एका बाजूला झुकायची, आणि ती धप्पकन गुडघ्यावर. बाप पुढे निघून गेलेला, ताठ उभा, चकाचक काळं कार्बनचं वल्हं घेऊन. "बाबा, थांब ना!" असा बारीक आवाज यायचा. इतर मुलं सटासट पुढे जायची. माझ्यातली मास्तरीण कुठे गप्प बसते? मी काठावरून ओरडले, "अगं, वल्हं उलटं धरलंयस! पळीसारखं धर, पाणी ओढता आलं पाहिजे!" तिने निमूटपणे फिरवून धरलं. तरी काही जमेना.

तिसऱ्या शनिवारी ती रडकुंडीला आली. काठाशी येऊन म्हणाली, "आजी, हात दुखतो. हे वल्हं चांगलं नाही."

आणि मी म्हटलं, "नाचता येईना, अंगण वाकडं!"

म्हटलं एवढंच नाही, समजावूनही सांगितलं. शेजारी सुनेची एक मैत्रीण तिच्या मुलांना घेऊन आली होती, तीही मराठीच. त्या सगळ्यांसमोर मी म्हणीचा अर्थ, ती कधी वापरतात, दोन उदाहरणं... अगदी पाठ घेतल्यासारखा. मैत्रीण हसली. तिची मुलंही हसली. चिमणी हसली नाही. तिला मराठी फार छान कळतं, याचा मला एरवी अभिमान असतो.

त्या संध्याकाळी ती वाचायला आली नाही. आमचा नेम आहे, रात्री जेवण झाल्यावर ती मला मराठीतलं एक पान मोठ्याने वाचून दाखवते. रविवारीही आली नाही. सोमवारी म्हणाली, "गृहपाठ आहे." मंगळवारी तिने कारणसुद्धा दिलं नाही. आम्ही इथे चारच महिने असतो. पुढच्या वर्षी यायला जमेल की नाही हे आमच्या वयाला विचारायचं नसतं. अशा चार महिन्यांतले चार दिवस मी एका म्हणीत घालवले.

बुधवारी तिचं लाइफ जॅकेट आखूड झालंय म्हणून नवीन आणायला आम्ही दुकानात गेलो. मुलगा, चिमणी आणि मी. दुकानातली बाई साठीची असेल, उन्हाने रापलेली, हसरी. जॅकेट दाखवता दाखवता तिने चिमणीला विचारलं, "मजा येते का?" चिमणी खांदे उडवून म्हणाली, "नाही. मला जमत नाही."

जमत नाही! अकरा वर्षांच्या मुलीच्या तोंडी हे वाक्य, तेही इतकं शांतपणे. बाईने लगेच विचारलं, "वल्हं कुठलं वापरतेस?"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. वल्हं होतं मुलाचं जुनं. त्याने स्वतःला कार्बनचं घेतलं आणि आधीचं अॅल्युमिनियमचं लेकीला दिलं. आपल्याकडे मोठ्याचं धाकट्याला देतात तसं. शिवाय "वाढत्या अंगाचं आहे, पुरेल" असं त्याने गमतीने म्हटलेलं मीच ऐकलं होतं, आणि मला ते बरंही वाटलं होतं. आमच्या घरात गणवेश सुद्धा दोन वर्षांच्या हिशेबानेच शिवले गेले! त्या वल्ह्याची लांबी कमी-जास्त करता येते, पण एकदा समुद्रावर नेऊन गोड्या पाण्याने धुवायचं राहिलं आणि दोन नळ्या एकमेकींत घट्ट बसल्या. त्या बसल्या त्या मुलाच्या मापावर. ऐंशी इंच.

बाईने चिमणीला सरळ उभं केलं, एक वल्हं शेजारी उभं धरलं आणि हात वर करायला सांगितलं. वर केलेल्या हाताच्या मनगटापाशी मूठ आली की लांबी साधारण बरोबर. आकड्यात सांगायचं तर शांत पाण्यावर आपल्या उंचीपेक्षा आठ-दहा इंच जास्त. लाटांवर खेळणारे त्याहून आखूड घेतात. म्हणजे चिमणीला छप्पन्न अधिक आठ, चौसष्ट इंच पुरे. हातात होतं ऐंशी. सोळा इंच जास्त, सव्वा फुटाहूनही अधिक! वल्हं लांब असलं की वरचा हात प्रत्येक वेळी डोक्याच्या वर उचलावा लागतो आणि खांदा दुखतो. आखूड असलं की वाकावं लागतं आणि कंबर धरते. चिमणीचा हात दुखत होता तो आळसाने नव्हे.

मग पात्याचं. मोठं पातं एका वेळी जास्त पाणी रेटतं, पण तेवढाच भार खांद्यावर येतो. सायकलचा जड गिअर जसा. मोठ्या दणकट माणसाला शंभर चौरस इंचांच्या आसपासचं पातं चालतं, हलक्या अंगाच्या माणसाला ऐंशी किंवा त्याहून लहान बरं. लहान पात्याने फेरे जास्त मारावे लागतात, पण प्रत्येक फेरा झेपतो. चिमणीच्या हातात तिच्या बापाचं पातं होतं.

मग वजन. अॅल्युमिनियमचं साधं वल्हं किलोभर भरतं. चांगलं कार्बनचं सहाशे ग्रॅमच्या आसपास. फायबरग्लासचं त्यांच्या मधे. चारशे ग्रॅमनी काय होतं असं मला वाटलं, म्हणून मनातल्या मनात हिशेब केला. मिनिटाला तीस फेरे धरले तरी तासाला अठराशे. गुणिले चारशे ग्रॅम. सातशे वीस किलो! तासाभरात सात क्विंटल जास्तीचं उचलायचं, आणि तेही घरात सगळ्यांत लहान असलेल्या माणसाने. बापाच्या हातात हलकं, लेकीच्या हातात जड. मुलाचा चेहरा उतरला. तो इंजिनियर आहे, हा हिशेब त्याला माझ्याआधी यायला हवा होता. पण शनिवारी सकाळी कोण हिशेब करतं?

इथपर्यंत दोष मुलाचा होता. मी जरा निवांत होते. तेवढ्यात बाईने चिमणीला वल्हं धरून दाखवायला सांगितलं. चिमणीने ते पळीसारखं धरलं. बाई म्हणाली, "हे सगळ्यांचं चुकतं, लाजू नकोस." आणि तिने ते फिरवून दिलं.

वल्ह्याचं पातं दांड्याच्या सरळ रेषेत नसतं, साधारण दहा अंशांनी वाकवलेलं असतं. आपल्याला वाटतं हा वाक पाणी आपल्याकडे ओढायला असणार, डावाने आमटी ओढावी तसा. पण बरोबर आहे ते नेमकं उलट. पातं पुढच्या बाजूला, आपल्यापासून लांब झुकलेलं पाहिजे. वल्हं पुढे पाण्यात घालून आपण पायांपर्यंत आणतो, तेव्हा दांड्याचं खालचं टोक मागे जायला लागतं. पातं पुढे झुकलेलं असलं तर तेव्हाही ते पाण्यात उभंच राहतं आणि पाणी मागे ढकलतं. उलटं धरलं तर ते पाणी वर उचलतं. ताकद वाया, फळी डळमळीत. बहुतेक वल्ह्यांवर कंपनीचं नाव असतं ती बाजू पुढे ठेवायची, ही सोपी खूण.

चिमणी काही बोलली नाही. "मी आधी असंच धरत होते, आजीने फिरवायला लावलं" असं ती म्हणू शकली असती. इंग्रजीत म्हणाली असती तर त्या बाईलाही कळलं असतं. ती फक्त माझ्याकडे एकदा बघून जॅकेटची चेन लावायला लागली. त्या बघण्याने मला जे झालं ते इथे लिहिता येत नाही.

कारण असं बघणं मी आधी एकदा पाहिलं होतं.

१९८६ साल असेल. पाचवीचा वर्ग. मागच्या बाकावर एक मुलगा बसायचा, वडील हळदीच्या बाजारात हमाली करायचे. फळ्यावरचं उतरवून घेताना तो नेहमी चुकायचा. 'धन' ऐवजी 'घन', 'भात' ऐवजी 'मात'. तोंडी विचारलं तर सगळं यायचं. म्हणून मी ठरवून टाकलं की हा निष्काळजी आहे. शंभर-शंभर वेळा लिहायला लावलं. एकदा वर्गासमोर म्हटलं, "याला हुशारी आहे, पण कष्ट नकोत." तेव्हा त्याने माझ्याकडे असंच बघितलं होतं आणि मान खाली घातली होती. पुढच्या वर्षी शाळेत डॉक्टर आले, मुलांचे डोळे तपासले. त्याला चांगला जाडसर चष्मा लागला. म, भ, घ, ध, लांबून या सगळ्यांत फरक तो काय? बारीकशी गाठ, नाहीतर शिरोरेषेतली फट. त्याला ती दिसतच नव्हती.

चष्मा लागल्यावर तो छान लिहायला लागला. मला आनंद झाला, मी त्याला शाबासकीही दिली. पण "माझं चुकलं" असं म्हणाले नाही. त्या काळी शिक्षकांनी असं म्हणायची पद्धत नव्हती, असं मी स्वतःला सांगत आले. पद्धत नव्हती हे खरं. पण मनाईही नव्हती. त्याला मी पहिल्या बाकावर बसवून पाहिलं असतं तरी कळलं असतं. दहा पावलांचं काम होतं. तो मुलगा आता पन्नाशीत असेल. कुठे आहे मला ठाऊक नाही.

चाळीस वर्षं मी मुलांना म्हणी शिकवल्या. "नाचता येईना, अंगण वाकडं" ही तर आवडती, कारण वर्गात तिचा उपयोग रोज व्हायचा. पण कधीतरी अंगण खरंच वाकडं असतं! ते आधी जाऊन बघायला हवं. पाय ठेवून, चालून. म्हण त्यानंतर.

दुकानातून चिमणीसाठी लहान पात्याचं, फायबरग्लासच्या दांड्याचं वल्हं घेतलं. चौसष्ट इंचांवर आज बसतं आणि ती वाढेल तसं लांब करता येतं. म्हणजे वाढत्या अंगाचंच, पण आजही अंगावर बसणारं. असंही करता येतं हे मला फार उशिरा कळलं. बाईने बजावून सांगितलं, वाळूत, खाऱ्या पाण्यात नेलंत तर नळ्या सुट्या करून धुवा. मुलाने मान डोलावली.

त्या रात्री मी चिमणीच्या खोलीत गेले. ती अंथरुणावर पडून काहीतरी वाचत होती. मी म्हटलं, "चिमणे, अंगण वाकडंच होतं गं."

ती म्हणाली, "म्हणजे तू सॉरी म्हणतेयस?"

"हो."

"मग तसं म्हण ना."

बघा, मास्तरणीची नात! मी म्हटलं, "माझं चुकलं. वल्हं मी उलटं धरायला लावलं आणि सगळ्यांसमोर तुला हसले. सॉरी." ती जरा वेळ गप्प राहिली. मग सरकून जागा करून दिली आणि उशीखालून मराठीचं पुस्तक काढलं. चार दिवस ते तिथेच होतं म्हणे. त्या रात्री तिने दीड पान वाचलं.

पुढच्या शनिवारी काही चमत्कार झाला नाही. ती दोनदा पडली. पण वरचा हात कपाळाच्या वर जात नव्हता आणि पडल्यावर ती हसत होती. पातं पूर्ण बुडवायचं, मग ओढायचं, पायांशी आलं की बाहेर काढायचं, हे ती स्वतःशी मोठ्याने म्हणत होती. बाप या वेळी पुढे गेला नाही, जुनी फळी घेऊन तिच्या शेजारून चालला होता.

आता त्यांचा बेत आहे काँग्रेस अॅव्हेन्यूच्या पुलापर्यंत संध्याकाळी जायचा. त्या पुलाच्या फटींत उन्हाळ्यात सुमारे पंधरा लाख वटवाघळं राहतात. १९८० मध्ये पूल नव्याने केला तेव्हा खाली अरुंद फटी राहिल्या आणि वटवाघळांना त्या नेमक्या मानवल्या. सूर्य मावळला की ती धुरासारखी बाहेर पडतात. पाण्यातून बघायला जास्त छान दिसतं म्हणे. चिमणी विचारते, "आजी, तू पण येशील? बाबाच्या फळीवर पुढे बसून?" मी अजून हो म्हटलेलं नाही. यांनी परस्पर सांगून टाकलं आहे की ती येईल.

एक सांगायचं राहिलं. दुकानातून निघताना त्या बाईने मलाही उभं करून माप घेतलं. पाच फूट, अधिक आठ इंच. "तुमचं अडुसष्ट," ती म्हणाली. मी हसून म्हटलं, माझं वय नाही हो राहिलं. ती म्हणाली, वय विचारलं नाही, उंची मोजली.

सुनेने फ्रिजवर कागद लावला आहे. मुलगा ऐंशी, ती स्वतः बहात्तर, चिमणी चौसष्ट. खाली चिमणीने पेन्सिलीने मराठीत लिहिलंय : आजी अडुसष्ट. 'ष्ट' अगदी बरोबर काढलाय.